बोलण्यावर राजीनामा

—नाही नाही, तुम्ही जेवा, शंतनु सर, माझ्यासाठी हात आवरू नका, मी काही घेणार नाही, घरून जेवून निघालेय — म्हणजे जेवले नाहीये खरं तर, पण भूक नाही. भात गार होईल तुमचा. इथलं सारू बरं असतं म्हणतात, अल्वा, हो ना? मी स्वल्प बसते, झालं. अपॉइंटमेंट नव्हती, ठाऊक आहे मला, बाहेर रिसेप्शनवर सांगितलं की कन्सल्टन्सीतून अहल्या आलेय, शंतनु सरांना भेटायचंय, तर त्या पोरीनं माझा फोटो काढला, हा पाहुण्यांच्या पासाचा पट्टा गळ्यात घालून दिला आणि म्हणाली, सर कॅन्टीनमध्ये आहेत. गंमत बघा, इतकी वर्षं तुमच्या कंपनीला माणसं शोधून देतेय, ह्या हॉलमध्ये जेवत बसलेल्यांतली कितीतरी मी पाठवलेली असतील, आणि स्वतः आत यायची माझी आज पहिली वेळ. फोनवर तुमचा आवाज ऐकून मला वाटायचं, पोट सुटलेले कुणी गृहस्थ असाल. तुम्ही तर आमच्या संहितापेक्षा — माझी मुलगी — तिच्यापेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठे. नका उठू, खुर्ची आहे की मला. तुम्ही तिथंच बसा, काचेकडं पाठ करून, मला हे बरं पडतं, रिसेप्शन दिसतं इथून. का म्हणजे — सुम्ने. उगीच. कोण येतं, कोण जातं, दिसलेलं बरं.

कामाचंच बोलते. रविकिरण म्हणून एक मुलगा पाठवला होता मी, आठवतोय? यशवंतपूरचा, चष्मा आहे, उत्तर द्यायच्या आधी एकदा टेबलाकडं बघतो. तोच. हो, तुम्ही नको म्हटलंत त्याला, मला माहितेय की नको म्हटलंत, तुमचा मेल मीच उघडला — 'काम येतं, पण फार विचार करून बोलतो, टीममध्ये मागं पडेल.' सर, त्याला घ्या. एवढंच सांगायला आलेय. पुन्हा एकदा बोलवा, पाहिजे ते विचारा, पण घ्या. जागा भरली असं सांगू नका मला, ती जागा मीच भरतेय, मला नाही कळणार? आणि विचार करून बोलणं हा दोष कधीपासून झाला हो? तुम्हा लोकांना चुरूचुरू बोलणारा हवा. देते की मी तसलेही. मागच्या खेपेला तो एक आवडला होता ना तुम्हाला, काय ते इंग्लिश, काय तो आत्मविश्वास — त्यानं तुमचं ऑफर लेटर नेऊन पलीकडच्या कंपनीत दाखवलं, पगार वाढवून घेतला आणि जॉइनिंगच्या सकाळी मला मेसेज टाकला, मॅडम, माझी आजी गेली. ही आजी आदल्या वर्षी पण गेली होती, दुसऱ्या एका कंपनीच्या जॉइनिंगच्या सकाळी. मी फुलांचा गुच्छ घेऊन तुमच्या गेटवर येणार होते त्या दिवशी. फुलं घरी नेऊन देवाला वाहिली.

हसताय. हसा. माझं रोजचं आहे हे. सकाळी बसलं की फोन, फोन, फोन — कुणी म्हणतो गाडी चालवतोय, कुणी म्हणतो मीटिंगमध्ये आहे, आणि मागं कुकरची शिट्टी ऐकू येते. इंटरव्ह्यूला बसवलं तर स्क्रीनवर एकजण ओठ हलवतो आणि उत्तरं टेबलाखाली बसलेला भाऊ देतो — भावाला शिंक आली म्हणून कळलं, नाहीतर तो आज तुमच्याकडं टीम लीड झाला असता. आणि हल्लीचं नवीन ऐका, मी नमस्कार म्हटलं की विचारतात, तुम्ही माणूस आहात का मशीन? खोकून दाखवावं लागतं मला! बरं, त्यांचं पण चुकत नाही, आलंय की तसलं मशीन आमच्या ऑफिसात, गोड आवाजात एकाच वेळी पन्नास जणांशी बोलतं. ते आलं आणि शेजारच्या टेबलवरची रक्षिता गेली. चांगली पोर होती हो. तिचा ऑफिसचा फोन अजून तिथंच पडलाय — पडला होता. जाऊ दे. सांगायचं काय, तर दिवसभर खोटं ऐकून ऐकून माझे कान असे झालेत की घरी नवरा म्हणाला दूध आणलं, तरी मी फ्रीज उघडून बघते.

घाम होय? ऊन आहे बाहेर. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर सगळं ठप्प होतं, रिक्षावाला म्हणाला इळीरी अम्मा, उतरा, चालत लवकर जाल, तर आले चालत. धावतच आले म्हणा ना. शुगर आहे मला. तुमचं पाणी घेऊ का हे? घेते. ... नाही, कमिशनसाठी नाही, सर, अय्यो, एका माणसाच्या कमिशनसाठी मी ह्या वयात पळत येईन? कमिशन नको मला ह्याचं, लिहून देते. का म्हणजे, चांगला मुलगा आहे म्हणून. तुम्ही असं रोखून बघू नका. चांगल्या मुलासाठी कुणी शब्द टाकू नये का?

त्यानं राजीनामा दिलाय, सर.

तुमच्याकडं येण्यासाठी. व्हाइटफील्डला होता, सगळं व्यवस्थित चाललं होतं, तिथं दिला राजीनामा आणि आता घरी बसलाय. कुणाच्या सांगण्यावरून म्हणजे — माझ्या. राजीनामा दे असं नव्हतं म्हटलं मी! मी फक्त सांगितलं की तू सिलेक्ट झालास. हो. तुमचा मेल आल्यावर. मेल सकाळी आला, दुपारी मी त्याला फोन केला आणि अभिनंदन म्हटलं. हळू बोला, सर, पलीकडच्या टेबलवरचे बघतात. चूक नाही झाली वाचायला, मला इंग्लिश येतं. समजून उमजून सांगितलं मी. पण ऐका ना — आमच्या धंद्यात बोलण्यावर राजीनामा कुणी देत नाही! कुणीच देत नाही! कागद हातात पडला तरी देत नाहीत, दोन-तीन ऑफरी उशाखाली ठेवून आणखी एकीची वाट बघतात. आमच्या तोंडच्या शब्दाला काय किंमत आहे, हे लहान पोरालाही ठाऊक आहे ह्या गावात. माझं गणित सरळ होतं — सिलेक्ट म्हणायचं, कागदपत्रं मागवायची, बघायची, आणि आठवड्यानं फोन करायचा की सॉरी हं, पोझिशन होल्डवर गेली. हे वाक्य मी जन्मभर सांगत आलेय. होल्डवर गेली. कुणाला काही होत नाही त्यानं, शिव्या घालतात, फोन आपटतात, दुसरीकडं लागतात. पण हा — माझा आठवडा संपायच्या आत ह्यानं साहेबांसमोर जाऊन सांगितलं की मी चाललो. आणि मला फोन करून काय म्हणाला माहितेय? म्हणाला, मॅडम, तुम्ही म्हणाला होतात की लवकर माणूस पाहिजे, म्हणून मी नोटीस पिरियडसाठी हातापाया पडलो, त्यांनी मला लगेच सोडलं. आनंदात होता! थँक्यू म्हणत होता मला! माझ्या हातातून पेन पडलं. एवढ्या वर्षांत माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस, सर. मला तेव्हापासून झोप नाही.

राजीनामा मागं घे म्हणून सांगायचं कसं? सांगायला मी फोन उचलायला पाहिजे ना. उचलत नाही मी. त्याच्या जागी त्यांनी दुसरा बसवलाय पण, हे त्याच फोनवर सांगितलं होतं त्यानं, अगदी हसत — बघा मॅडम, आता परतीची वाट नाही.

कागदपत्रं कशाला म्हणजे? पगाराच्या स्लिपा, आधीच्या कंपनीनं सोडल्याचं पत्र, बँकेचं पान — हे काय कुणी असं देतं का? सिलेक्ट झालाय म्हटलं की आपण होऊन देतात, त्याआधी तुम्ही कितीही डोकं आपटा. ... नाही. तुमच्या कंपनीसाठी नाही मागितली. तुम्ही तर नको म्हटलं होतंत. कन्सल्टन्सीसाठी — नाही, त्यांना माहीत नाही, आणि सर, पाया पडते, त्यांना सांगू नका. मला बघायची होती. मलाच.

हे मी बोलणार नव्हते. नुसती शिफारस करून जाणार होते. तुम्ही असे गप्प बसता ना, त्यानं माणूस बोलत सुटतो — मी पण हेच करते उमेदवारांशी, गप्प बसते, की त्यांना राहवत नाही. बरं. रविकिरण माझा जावई व्हायचाय. संहिताशी लग्न ठरलंय त्याचं, पुढच्या महिन्यात आहे. आता कळलं?

तुम्ही पुण्याचे, तुम्हाला विचित्र वाटेल. आमच्यात इथं — आम्ही जुने लोक, आमचे पणजोबा-खापरपणजोबा कधी आले ते पण कुणाला सांगता येत नाही, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, असे आम्ही — आमच्यात मुलाची चौकशी करायची म्हणजे पूर्वी एखादे काका त्याच्या गल्लीत जायचे, शेजाऱ्याकडं बसायचे, कॉफी प्यायचे, आणि उठताना सगळं घेऊन उठायचे. आता शेजारी कोण? फ्लॅटचं दार बंद. मग लोक माझ्याकडं यायला लागले. अहल्या अक्का, तू ह्या लाइनीत आहेस, जरा बघ ना, मुलगा म्हणतो मॅनेजर आहे, खरंच आहे का. पहिल्यांदा मी संकोचले. मग सवय झाली. फार सोपं आहे, सर. त्या मुलाला एक फोन करायचा, चांगली पोझिशन आहे म्हणायचं, एक-दोन इंटरव्ह्यू खरेच करून द्यायचे, सिलेक्ट म्हणायचं, कागद येतात, बघितले की होल्डवर. बेंगळुरातल्या आमच्या मंडळींत ज्याचं लग्न ठरायला येतं त्याला कुठून ना कुठून एका मोठ्या नोकरीचा फोन येतो, आणि ती नोकरी कुणालाच मिळत नाही. आजवर एकाला संशय आला नाही. बायका माझी ओटी भरतात, म्हणतात तुमच्यामुळं पोर वाचली. वाचल्यात पण, खोटं नाही. दोघी-तिघी वाचल्यात.

संहिता पण वाचली. आधी एक स्थळ आलं होतं तिला, तिलाच आवडलेलं, सुधींद्र नाव. रुबाबदार. मी बघितलं तेव्हा कळलं की नोकरी जाऊन वर्ष झालंय, हा रोज लॅपटॉपची बॅग घेऊन घरातून निघतो आणि संध्याकाळपर्यंत एका मॉलमध्ये बसतो. आईबापांना पण ठाऊक नाही. मी येऊन सांगितलं घरी. मला वाटलं, पोर गळ्यात पडेल. ती म्हणाली, आई, तुला हे कसं कळलं? आणि मी मूर्खासारखं सगळं सांगितलं, अगदी फुशारकीनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, त्यानं मला फसवलं, तू त्याला फसवलंस, आणि दोघांनी मला विचारलं नाही. रडली नाही हो, रडली असती तर बरं होतं. जेवायला बसायची, मीठ दे म्हणायची, तेवढंच. आमचे हे — गुंडोराव — मध्ये पडले तरी उपयोग नाही. कधी दोन शब्द बोलली तर कामाचे. असं किती दिवस काढले आम्ही त्या घरात. आणि रविकिरणचं ठरलं तेव्हा मला देवापुढं उभं केलं तिनं, म्हणाली, ह्याच्या बाबतीत एक फोन जरी केलास ना आई, तर मी लग्न पण करणार नाही आणि ह्या घरात पण राहणार नाही. शपथ घे. घेतली मी.

घेतली, सर, आणि पंधरा दिवस पाळली. मग मला भीती वाटायला लागली. त्याच्या नोकरीत मध्ये एक वर्षाची गॅप आहे. काय केलं म्हणे वर्षभर, तर वडिलांना पक्षाघात झाला, त्यांचं करत घरी होतो. सर, माझ्याकडं गॅपवाला दर दुसरा माणूस हेच सांगतो! बापाची सेवा करत होतो! एवढी सेवा खरंच झाली असती तर ह्या गावात एक म्हातारा आजारी राहिला नसता. मला तो मॉलमधला बॅगवाला दिसायला लागला. रात्री उठून बसायची मी. पोरीला विचारायचं तर तोंड नाही, शपथ. हे म्हणाले, सोड ना, चांगला वाटतो मुलगा. चांगला वाटतो! मला तर सगळेच चांगले वाटतात पहिल्या फोनवर! म्हणून मग रक्षिताच्या फोनवरून, रक्षिता म्हणून — त्याला माझा आवाज कुठं ओळखू येतोय, फोनवर माझं इंग्लिश असतं आणि घरी चहाला आला होता तेव्हा मी काय बोलले, तर उप्पिट आणखी घ्या.

सगळं खरं निघालं. एकूण एक. गॅप पण खरी, बाप पण खरा, अंथरुणावर आहे अजून, हाच करतो त्याचं, व्हाइटफील्डहून घरी पोचायला उशीर होतो म्हणून जवळची नोकरी शोधत होता. तुमचं ऑफिस हेब्बाळला म्हटल्यावर केवढा हरखला. एक शब्द खोटा नाही, सर. मी असा उमेदवार बघितला नव्हता. अर्धा दिवस मी हवेत होते, देवाला नारळ फोडला. आणि संध्याकाळी त्याचा तो फोन, की मॅडम, मी सोडली नोकरी.

मग मी रक्षिताचा फोन बंदच करून टाकला. सोमवारपासून बंद आहे. कळतंय मला, हे काय शहाणपण नाही, पण उचलून सांगू काय? होल्डवर म्हणू? तोंडातून निघतच नाही ते, एवढी वर्षं निघत होतं, आता जीभ उचलत नाही. काल रात्री संहिता माझ्या खोलीत आली, पलंगावर बसली माझ्या, कितीतरी दिवसांनी बसली, आणि म्हणाली, आई, तू ह्या लाइनीतली, मला सांग, एचआर अचानक फोन उचलत नाही ह्याचा अर्थ काय होतो? मी म्हटलं, बिझी असतील. तिनं तुमच्या कंपनीचं नाव घेतलं, ओळखतेस का विचारलं. मी म्हटलं, नाही गं, ऐकलं पण नाही कधी. ती म्हणाली, त्याला मीच म्हटलं राजीनामा दे, मीच म्हटलं की चांगलं जवळ आहे, त्याच्या बाबांकडं बघता येईल, माझ्यामुळं झालं का गं हे? मला विचारत होती. मला! आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

भीती कशाची म्हणून काय विचारता? नोकरीची नाही. तुम्ही आमच्या साहेबांना सांगितलंत तर ते आज काढतील मला, काढू देत, तसंही ते मशीन बघतंच आहे माझ्या खुर्चीकडं. मला पोरीची भीती वाटते. ती ओरडली तर मी ऐकून घेईन. ती ओरडणार नाही. ती मीठ मागेल, चार कपडे घेईल आणि जाईल, आणि वर्षातून एकदा सणाला फोन करेल की कशी आहेस. मला माहितेय ना ती कशी आहे, माझ्यावरच गेलीय. आणि त्या मुलाचं काय, त्याच्या घरी बाप अंथरुणावर. म्हणून म्हणते, घ्या त्याला. तुम्ही घेतलंत तर हे झालंच नाही, बघा. एक मेल मागं घ्यायचाय तुम्हाला. तो मागं पडणार नाही हो, टेबलाकडं बघतो फक्त, बघू दे की, त्यानं काय तुमचं टेबल झिजणार आहे?

मान का हलवताय? फ्रीझ म्हणजे? कधीपासून? ... आज सकाळी. म्हणजे सगळीच भरती बंद? एक पण नाही? सर, हे खरं सांगताय ना, का तुम्ही पण मला — नाही, तसं नाही म्हणायचं मला. माफ करा. म्हणजे खरंच होल्डवर गेली.

मग — मग हेच सांगा ना त्याला! तुम्ही सांगा! आता तर ते खोटं पण नाही! म्हणा, घेणार होतो, सिलेक्ट केलं होतं, आणि वरून भरती बंद झाली. पहिला अर्धा भाग तेवढा — तेवढा एक शब्द, सर, सिलेक्ट केलं होतं, त्यानं तुमचं काय जातं? रक्षिताचं नाव त्यात येत नाही, माझं येत नाही, कुणाचं येत नाही. तुमच्या तोंडून ऐकलं की ते निमूट घरी जातील. मी त्याला दुसरीकडं लावीन, मी ह्या गावातला एकेक दरवाजा ठोठावीन त्याच्यासाठी, हे मला येतं, हेच तर एक येतं.

कधी सांगायचं म्हणजे — आत्ता. सगळंच सांगते आता, लपवून काय. ते येतायत, सर. इथं. संहितानं हाफ डे घेतलाय, मेसेज टाकला मला, आई, मी त्याच्याबरोबर हेब्बाळला चाललेय, समोर उभं राहून विचारतो आम्ही, तो फार घाबरलाय गं. म्हणून धावत आले मी. त्यांच्या आधी तुम्हाला गाठायचं म्हणून. संहिताचं ऑफिस पण व्हाइटफील्डलाच, तिला घेऊन तिथून यायचंय त्याला, सगळ्या रस्त्यांत गाड्या अडकल्यात, एवढी दया देवानं केली. तुमचं नाव त्याला माहितेय, इंटरव्ह्यू तुम्हीच घेतलात ना, तो तुम्हालाच विचारणार येऊन. नाही, असं तोंड करू नका. मी काय तुम्हाला कायमचं खोटं बोलायला सांगतेय? एकदा. तुम्ही मला अक्का म्हणता ना फोनवर?

आले.

मागं बघू नका! सर, मागं बघू नका म्हटलं की! स्वल्प उजवीकडं सरका, खुर्ची सरकवू नका, आवाज होतो, नुसते सरका — हां. तुमच्या खांद्याआड बरी आहे मी. निळा शर्ट घातलाय. कडक इस्त्री केलीय बघा, आणि फाइल घेऊन आलाय काखेत, वेडा. संहिता पुढं आहे, तीच बोलतेय रिसेप्शनवरच्या पोरीशी, हा मागं उभा राहून टेबलाकडं बघतोय. किती वाळलाय हो चार दिवसांत. ती पोर फोन लावतेय. तुम्हालाच असणार. नका उचलू. थरथरतोय तर थरथरू दे, नका — उचललात. येतो म्हणून काय सांगताय? काय सांगणार आहात बाहेर जाऊन? जे आहे ते? सर, जे आहे ते ऐकून कुणाचं भलं होणार आहे? तुम्हाला मुलगी आहे का? मग? बसा ना. पाया पडते, बसा, तुम्ही उठलात तर मी दिसेन —

उठलात.

बघितलं तिनं. सरळ माझ्याकडंच बघतेय. गळ्यातला पट्टा पण दिसला असेल. सर, ती — ती हसतेय. हात करतेय मला. त्याला कोपरानं ढोसतेय, बघ, बघ म्हणून. तो पण हात जोडतोय तिथून, केवढा हसतोय, सगळा चेहराच बदलला त्याचा. त्यांना वाटतंय, मी त्याच्यासाठी आलेय. न सांगता आलेय, घरी काही न बोलता, त्याच्यासाठी शब्द टाकायला. आईनं काम केलं, असं वाटतंय तिला. डोळे पुसतेय हो ती. त्या सुधींद्रचं मोडल्यापासून ती माझ्याकडं बघून अशी हसली नव्हती एकदा पण.

थांबा, सर. तुम्ही नका जाऊ, काय सांगायचं ते मीच सांगते तिला. बसा तुम्ही, जेवा. दार उघडलं त्यांनी तिला, तीच येतेय इकडं.